संगणकाचें कोठीघर

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे हडपसर मागें पडल्यावर थोड्याच वेळांत लोणी काळभोर हें गांव लागतें. श्रीतुकाराममहाराजांची पालखी पुणें सोडल्यावर मुक्कामाला येथें येते, म्हणून वारकऱ्यांस हें गांव पूर्वापार ठाऊक आहे. सिनेमाच्या शौकिनांस तें राज कपूर ह्यांच्या 'राजबाग' मळ्यामुळें माहीत झालें. त्याच राजबागेच्या परिसरांत आतां एम्. आय्. टी. संस्थेचें विद्यापीठ उभें आहे, आणि २०१८ सालीं तेथें श्रीज्ञानेश्वरमहाराजांच्या नांवानें बांधलेल्या एका प्रचंड घुमटाचें उद्घाटन झालें. घुमटाचा व्यास १६० फूट. प्रार्थनेचें सभागृह आणि ग्रंथालय अशी त्या वास्तूची योजना.

परंतु आज आम्हांस ज्या ग्रंथालयाविषयीं लिहावयाचें आहे, तें हें नव्हे. अशा विद्यापीठांतून संगणकाची अभियांत्रिकी शिकणारीं शेंकडों मुलेंमुली रोज दुसऱ्याच एका ग्रंथालयाची देवघेव करीत असतात. त्याला भिंती नाहींत, कपाटें नाहींत, आणि वर्गणीही बहुधा नाहीं. सुटींत घरीं आलेल्या नातवाला आजोबा विचारतात, "काय रे बाळ, दिवसभर एवढें लिहितोस तरी काय?" नातू म्हणतो, "लिहितों थोडेंच, आजोबा. बाकीचें लायब्ररींतून घेतों." आजोबांना वाटतें, हा परीक्षेंत नक्कल करण्याचाच प्रकार दिसतो. नातवाला समजावून सांगतां येत नाहीं, आणि संभाषण तेथेंच थांबतें. हा घोटाळा आमच्या वाचकांच्या पुष्कळ घरांत होत असेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

घरांतल्या कोठीच्या खोलीपासून सुरुवात केली, तर ही गोष्ट लवकर कळेल. उन्हाळ्यांत एकदां गोडा मसाला करून बरणींत भरून ठेवला, कीं पुढें वर्षभर आमटी कोणीही करो, धने किती, दगडफूल किती, काय तळून घ्यावयाचें व काय कोरडें भाजावयाचें, ह्याचा विचार पुन्हा करावा लागत नाहीं. नव्या सुनेला एवढेंच कळलें म्हणजे पुरे कीं, ही बरणी गोड्या मसाल्याची, आणि इतक्या आमटीला ह्यांतला एक चमचा. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, हींही त्याच जातीचीं. जें काम पुन्हा पुन्हा लागणार, तें एकदांच, निगुतीनें आणि जाणत्या हातानें करून ठेवावें, आणि इतरांनीं तें विश्वासानें वापरावें, हीच संगणकाच्या लायब्ररीची मूळ कल्पना. फरक इतकाच कीं संगणकाची बरणी कधीं रिकामी होत नाहीं. एकानें केलेला मसाला लाख घरांनीं वापरला तरी चिमूटभरही कमी होत नाहीं. परंतु तो खवट निघाला तर लाख घरांची आमटीही एकाच दिवशीं बिघडते.

ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. इंग्लंडांत केंब्रिज येथें मॉरिस विल्क्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं बांधलेला एड्सॅक नांवाचा संगणक १९४९ च्या मे महिन्यांत चालूं लागला. त्याला आज्ञा देण्यासाठीं कागदाच्या पट्टीवर भोंकें पाडावीं लागत. वर्गमूळ काढणें, भागाकार करणें, उत्तर छापणें हीं कामें प्रत्येक गणितांत येत. तीं प्रत्येकानें नव्यानें लिहावीं आणि प्रत्येकानें त्यांत नव्या चुका कराव्या, ह्याला कांहीं अर्थ नव्हता. तेव्हां अशा कामांच्या तपासून घेतलेल्या पट्ट्या एका कपाटांत ठेवण्यांत आल्या, आणि ज्याला जी हवी तिची त्यानें नक्कल करून आपल्या पट्टींत जोडावी अशी वहिवाट पडली. १९५१ पर्यंत ह्या संग्रहांत ८७ उपकार्यें जमा झालीं होतीं. त्याच सालीं विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल ह्या तिघांनीं ह्या पद्धतीवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. व्हीलर ह्यांनीं पुढल्याच वर्षीं एका निबंधांत जें सांगितलें, तें आजही प्रत्येक विद्यार्थ्यानें वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावें. त्यांचें म्हणणें असें कीं, उपकार्य लिहून व तपासून झालें तरी एक मोठें काम शिल्लकच राहतें: ज्याला त्याच्या आंतील रचना ठाऊक नाहीं अशा परक्या माणसाला तें सहज वापरतां यावें असें त्याचें वर्णन लिहिणें, आणि सगळ्यांत अवघड काम बहुधा हेंच.

बरणीवर चिठ्ठी नसली म्हणजे काय होतें, हें आमच्या वाचक-भगिनींस ठाऊक आहेच.

केंब्रिजच्या त्या पट्ट्यांत फक्त कृति होती. सामग्री, म्हणजे ज्यांवर कृति करावयाची ते आंकडे, बाहेर मोकळे पडलेले असत, आणि कोणताही हात त्यांना लागूं शके. ह्याच्या पुढचें पाऊल नॉर्वेंत पडलें. ऑस्लो येथील संगणन केंद्रांत ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यूगार्ड हे रांगा, वाहतूक, कारखाने ह्यांसारख्या खऱ्या जगांतील व्यवहारांची संगणकावर प्रतिकृति करूं पाहत होते. तसें करतांना त्यांस दिसलें कीं, जहाज म्हटलें म्हणजे त्याचे आंकडे आणि त्याचें वागणें हीं एकाच ठिकाणीं बांधलेलीं असावींत. १९६७ सालच्या त्यांच्या 'सिम्युला' भाषेंतून आज जिला वस्तुनिष्ठ आज्ञावली म्हणतात ती पद्धति निघाली. बियार्न स्ट्रॉउस्ट्रुप ह्या डेन्मार्कच्या गृहस्थांनीं सिम्युलाचा उपयोग केंब्रिजमध्यें शिकत असतांना करून पाहिला होता. पुढें अमेरिकेंत त्यांनीं सी-प्लस-प्लस ही भाषा केली, ती १९८५ सालीं बाजारांत आली. १९९५ ची जावा ही त्याच कुळांतली.

ह्या पद्धतींतले शब्द अवजड वाटतात, पण वस्तु घरगुती आहे. मोदकाचा सांचा म्हणजे 'वर्ग', आणि त्यांतून निघालेला एकेक मोदक म्हणजे 'वस्तु'. सांचा एकच, मोदक एकवीस. प्रत्येकाचें सारण निराळें असूं शकेल. बँकेचें खातें हें दुसरें उदाहरण. शिल्लक किती ती तिजोरीच्या आंत. ग्राहकाला दोनच खिडक्या, एक भरण्याची व एक काढण्याची. कोणीही उठून शिल्लकेचा आंकडा खोडून दुसरा लिहूं शकत नाहीं. आंतले आंकडे झांकून ठेवावयाचे आणि बाहेर मोजक्या खिडक्या ठेवावयाच्या, ह्या एका शिस्तीमुळेंच लायब्ररी परक्याच्या हातीं देण्याजोगी होते. कारण खिडकी तीच ठेवून आंतली तिजोरी उद्यां बदलली, तरी ग्राहकाला त्याचा पत्ता लागत नाहीं.

दिवाळींत माळ्यावरून निघणारा सोऱ्या ह्याहूनही जास्त शिकवतो. भांडें एकच, दट्ट्या एकच. चकती बदलली कीं कधीं शेव, कधीं चकली, कधीं गांठी. भांडें करणाऱ्या कारागिराला तुम्ही पुढें कोणती चकती बसवणार हें ठाऊक नसतें. त्याचा करार एवढाच कीं चकतीचा घेर अमुक असावा. चांगल्या लायब्ररीची मांडणी अशीच असते. तिचा कर्ता भांडें देतो आणि चकतीचा घेर जाहीर करतो. बाकीचें घरोघरच्या सुगरणीनें पाहावें.

वर्ग वापरण्याचा आणखी एक मार्ग आहे, त्याला 'वारसा' म्हणतात. नवा वर्ग जुन्याचा वारस म्हणून लिहिला, कीं वडिलार्जित सर्व गुण त्याला आपोआप मिळतात आणि तो आपली थोडी भर घालतो. विद्यार्थ्यांना हा मार्ग फार आवडतो, आणि परीक्षांतूनही त्याच्यावर प्रश्न फार येतात. पण वडिलांनीं आपल्या घरांत एखादी भिंत हलवली, कीं वारसाच्या खोलीचें छप्पर खालीं येतें. १९९४ सालीं गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस ह्या चौघांनीं लिहिलेल्या प्रसिद्ध ग्रंथांत म्हणूनच असा सल्ला आहे कीं, शक्य तों वारसा न घेतां दुसरी वस्तु आपल्या घरांत कामाला ठेवावी. वांटणीचे दावे जवळून पाहिलेल्या आमच्या वाचकांस हा सल्ला पटण्यास अडचण पडूं नये.

हें सगळें परदेशचें झालें. आपल्या मराठीचा ह्याच्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. तर ह्या लायब्ररीवांचून आज मराठीचें एक अक्षरही फोनवर उमटत नाहीं, हेंच त्याचें उत्तर. येथें जरा थांबणें अवश्य आहे.

'कीर्ति' हा शब्द घ्या. संगणकाच्या पोटांत तो उच्चाराच्या क्रमानें सांठवलेला असतो: क, दीर्घ वेलांटी, र, हलन्ताची खूण, त, आणि शेवटीं ऱ्हस्व वेलांटी. पण कागदावर काय दिसतें? जी वेलांटी शेवटीं उच्चारली ती 'त'च्या आधीं जाऊन उभी राहते, आणि 'त'च्या आधीं उच्चारलेला र हा रफार होऊन त्याच्या डोक्यावर बसतो. इंग्रजी अक्षरें ओळीनें एकापुढें एक मांडलीं कीं भागतें. देवनागरींत प्रत्येक जोडाक्षराला हा मानपानाचा विधि करावा लागतो. तो कोणीं करावा?

१९९० च्या सुमारास पत्रें, पत्रिका, स्मरणिका संगणकावर जुळवूं लागले, तेव्हां पुष्कळ ठिकाणीं ह्या प्रश्नाला सोपी बगल दिली गेली. टंक बनविणाऱ्या प्रत्येक कंपनीनें अक्षरांचे तुकडे आपल्या मर्जीप्रमाणें इंग्रजी अक्षरांच्या जागीं बसविले. एकाकडे 'क' ज्या आंकड्यावर, दुसऱ्याकडे त्याच आंकड्यावर काना. टंक बदलला कीं मजकुराची राख. आमच्या परिचयाच्या एका घरांत आजींनीं सांगितलेल्या आठवणी त्या काळीं संगणकावर उतरवून ठेवल्या होत्या. मजकूर आजही अक्षरशः शाबूत आहे, पण तो टंक नाहीं, म्हणून पडद्यावर नुसतीं इंग्रजी अक्षरें व चिन्हें दिसतात. घरोघरीं असें किती मराठी पुरलें गेलें असेल, त्याची गणती कोण करणार?

ह्याच्या उलट खटपट करणारे लोकही पुण्यांतच होते. १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या सरकारी संस्थेंत भारतीय लिप्यांसाठीं 'जिस्ट' विभागाचें काम चालूं झालें. भारतीय लिप्यांसाठीं एकच समाईक संकेत असावा ह्या विचारांतून निघालेल्या 'इस्की'स १९९१ सालीं भारतीय मानकाचा दर्जा मिळाला, आणि त्याच सालीं निघालेल्या युनिकोडनें देवनागरीची मांडणी त्याच्याच आधींच्या आवृत्तीवरून घेतली. सांठवावयाचें तें उच्चाराच्या क्रमानें, आणि दिसण्याचा विधि निराळ्या कारागिरावर सोंपवावयाचा, ही वांटणी तेव्हां पक्की झाली. टंकांची गरज होतीच. मुंबईचे सुलेखनकार प्राध्यापक र. कृ. जोशी ह्यांचा 'मंगल' हा टंक विंडोजबरोबर जगभर गेला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनें दिलेल्या टंकांवरून रेड हॅट कंपनीची 'लोहित' ही मालिका खुल्या परवान्याखालीं निघाली, आणि कोणीही ती घ्यावी, सुधारावी, पुढें द्यावी अशी सोय झाली.

राहिला तो विधि करणारा कारागीर. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस ह्या सर्वांच्या पोटांत हें काम एकच लायब्ररी करते. तिचें नांव 'हार्फबझ'. बेहदाद एस्फाहबोद ह्या इराणी वंशाच्या आज्ञावलीकारानें ती मुख्यतः घडविली. नांव फारसी आहे: 'हर्फ' म्हणजे अक्षर, 'बाज' म्हणजे मोकळें. 'चकार हरफ काढला नाहीं' असें आपण म्हणतों, त्यांतला 'हरफ' तोच. आंतील रचना सी-प्लस-प्लस भाषेच्या वर्गांची, पण बाहेरची खिडकी त्याहून साध्या सी भाषेची ठेवली आहे, म्हणजे कोणत्याही भाषेंतल्या आज्ञावलीनें ती उघडावी. तिच्याकडे एका हातानें टंक व दुसऱ्या हातानें शब्द द्यावा. कोणता तुकडा कोठें बसवावयाचा, ह्याची यादी ती परत देते. वर सांगितलेला सोऱ्या तो हाच. टंकाची चकती बदला, भांडें तेंच.

आतां ह्या लेखांत 'सोऱ्या' हा शब्द आला आहे, त्याच्याकडेच पाहा. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतल्या. हिंदीला ह्या दोहोंत भेद करण्याचें कारण पडत नाहीं, मराठीला पडतें. पापणीसारखा दिसणारा हा अर्धा र मिळावा म्हणून युनिकोडांत खालीं टिंब असलेल्या निराळ्या 'ऱ'ची तरतूद आहे. ती तरतूद जाणणारा माणूस लायब्ररीच्या व टंकाच्या कामांत होता, म्हणून दऱ्या समुद्रांत बुडाल्या नाहींत. लायब्ररी एकच असण्याचा लाभ असा कीं, एके ठिकाणीं झालेली दुरुस्ती कोट्यवधि फोनांवर पोंचते. तोटा असा कीं, ज्या भाषेचा माणूस त्या एका ठिकाणीं नसेल, तिची चूकही कोट्यवधि फोनांवर पोंचते.

ह्याचें एक नामी उदाहरण जावा भाषेंत आहे. आंकड्यांत स्वल्पविराम घालून देण्यासाठीं तिच्याबरोबर येणाऱ्या संग्रहांत 'डेसिमलफॉरमॅट' नांवाचा वर्ग आहे. किती अंकांमागें स्वल्पविराम द्यावयाचा, हा आंकडा तो मनांत ठेवतो. पण असा एकच आंकडा. तीन सांगितले तर सर्वत्र तीन. इंग्रजी व्यवहाराला हें पुरतें. आपला मात्र पहिला गट तिहींचा व पुढचे सगळे दोहोंचे: १,२३,४५,६७८. एक लाख ही आपली साधी रक्कम त्या वर्गाच्या डोक्यांत शिरायला जागाच नाहीं. कर्त्यानें हें मुद्दाम केलें असें कोणी म्हणणार नाहीं. कोटीची भाषा त्याच्या कानांवरच आली नव्हती. 'आय्. सी. यू.' ही दुसरी लायब्ररी, जी आय्. बी. एम्. कंपनीनें १९९९ सालीं खुली केली व जी २०१६ पासून युनिकोड संस्थेच्या देखरेखीखालीं आहे, तिनें दुय्यम गटाचा निराळा आंकडा ठेवून ही अडचण दूर केली. तरीही ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळें लाख-कोटीचे स्वल्पविराम हातानें घालणारीं आज्ञावलीचीं तुकडीं ज्याच्या त्याच्या वहींत निराळीं असतात, आणि ऋण रक्कम आली कीं त्यांतलीं निम्मीं अडखळतात.

उसनें घेण्यांत धोके आहेत, आणि ते लपविण्यांत अर्थ नाहीं. १९९६ च्या जून महिन्याच्या ४ तारखेस युरोपचें आरियान-५ हें अग्निबाण पहिल्याच उड्डाणांत सुमारें चाळीस सेकंदांत नष्ट झालें. त्यांतल्या दिशादर्शक यंत्राची आज्ञावली आधींच्या आरियान-४ वरून उचललेली होती, आणि तेथें ती चोख चाललेली होती. पण नवें बाण जास्त वेगवान्. त्याच्या आडव्या वेगाशीं निगडित असलेला एक आंकडा, जो १६ बिटांच्या जागेंत मावेल असें जुन्या कर्त्यानें धरलें होतें, तो मावला नाहीं. राखीव यंत्रावरही तीच आज्ञावली असल्यानें दोन्ही एकदमच बंद पडलीं. चटका लावणारी गोष्ट अशी कीं, आज्ञावलीचा तो भाग नव्या बाणाला उड्डाणानंतर लागतच नव्हता. जुन्या घरांत कोणती मर्यादा गृहीत धरली होती, हें बरणीवरच्या चिठ्ठींत असावयास पाहिजे होतें.

दुसरी हकीकत इतकी भीषण नाहीं, पण शिकवण्यांत कमी नाहीं. जावास्क्रिप्ट भाषेंत 'लेफ्ट-पॅड' नांवाची एक लायब्ररी होती: शब्दाच्या डावीकडे कोरी जागा भरून त्याची लांबी ठराविक करावयाची, एवढेंच तिचें काम, आणि अवघ्या ११ ओळी. २०१६ च्या मार्चमध्यें नांवावरून झालेल्या एका तंट्यांत तिच्या कर्त्यानें रागावून ती काढून घेतली, आणि जगांतल्या मोठमोठ्या कंपन्यांची कामें कांहीं तास अडून राहिलीं. कारण त्यांनीं घेतलेल्या लायब्ररीनें घेतलेल्या लायब्ररीनें ती घेतली होती. मिठासाठीं शेजाऱ्याच्या शेजाऱ्यावर अवलंबून राहणारी ही गृहस्थी. पुढें २०२१ च्या डिसेंबरांत जावाच्या नोंदी ठेवणाऱ्या 'लॉग-फोर-जे' ह्या लायब्ररींत भयंकर छिद्र सांपडलें, तेव्हां बँकांपासून सरकारांपर्यंत सगळ्यांची झोप उडाली. आणि ती सांभाळणारे मात्र आपला फावला वेळ देणारे मूठभर स्वयंसेवक होते.

तेव्हां आजोबांच्या शंकेंत तथ्य मुळींच नाहीं असें नव्हे. न समजतां घेणें ही नक्कलच. समजून घेणें म्हणजे घेतलेल्या मालाचा परवाना वाचणें, कर्त्याचें नांव कायम ठेवणें (आपण भांड्यांवर नांव घालतों तें त्याचसाठीं), आवृत्तीचा आंकडा पाहणें, आणि आपल्या उपयोगाच्या चार कसोट्या स्वतः लावून पाहणें. आवृत्तीच्या आंकड्यांतही करार असतो. बहुतेक लायब्रऱ्यांचे तीन आंकडे असतात. शेवटचा बदलला तर नुसती दुरुस्ती, मधला बदलला तर नवी भर, पहिला बदलला तर खिडकीच हलली असें समजून सावध व्हावें.

आतां घेणें पुष्कळ झालें. करून ठेवण्याविषयीं सांगून हा लेख पुरा करूं. लोणी काळभोरच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही गांवच्या विद्यार्थ्यानें मराठीसाठीं एखादी लहानशी लायब्ररी करावयाची म्हटली, तर आम्ही एक विषय सुचवितों: अक्षरी रक्कम. पावतीवर, धनादेशावर, कराराच्या कागदावर आंकड्यापुढें ती लिहावी लागते. इंग्रजीला वीस-तीस शब्दांत हें काम उरकतां येतें. मराठीला तसें नाहीं. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस अशी रीत बसली असें वाटतें न वाटतें तोंच एकोणनव्वदनंतरच्या दशकाला नव्याण्णव येऊन ती मोडतो. म्हणून शून्यापासून नव्याण्णवपर्यंत शंभर शब्दांचा तक्ताच द्यावयाचा, आणि तो वर्गाच्या आंत झांकून ठेवावयाचा. बाहेर खिडकी एक: पूर्णांक द्या, शब्द घ्या. आंत शेंकडा, हजार, लाख, कोटी अशा पायऱ्यांनीं भागाकार करीत जावें.

सोपें वाटतें, पण पुढेंच खरी परीक्षा आहे. १०० ला 'शंभर', पण १०१ ला 'एकशे एक'. हा भेद विसरला तर पावती हास्यास्पद होते. १,१०० ला 'अकराशे' म्हणावें कीं 'एक हजार शंभर'? बोलण्यांत दोन्ही चालतात. लायब्ररीनें एक ठरवावें, आणि काय ठरविलें तें वर्णनांत पहिल्या चार ओळींत सांगावें. कोटीच्या वर काय, अब्ज म्हणावयाचे कीं 'शंभर कोटी'? जेथवर तपासलें आहे तेथवरच उत्तर द्यावें आणि त्यापुढें स्पष्ट नकार द्यावा. गुपचूप चुकीचें उत्तर देऊं नये, आरियानचा धडा हाच. शून्य, शंभर, एकशे एक, नव्याण्णव हजार नऊशें नव्याण्णव, अशा वीस-पंचवीस कसोट्या लायब्ररीबरोबरच ठेवाव्या, म्हणजे उद्यां दुसरा कोणी तींत हात घालील तेव्हां त्याला आपली चूक ताबडतोब दिसेल.

आणि तक्ता मूळ वर्गांत कायमचा चिकटवून टाकूं नये. चकतीसारखा बाहेरून बसवितां यावा. तसें केलें म्हणजे कोंकणी किंवा गुजराती तक्ता त्याच भांड्याला लावून पाहतां येईल. मात्र शंभर-एकशेची भानगड त्या त्या भाषेची निराळी, म्हणून तो नियमही तक्त्याबरोबरच न्यावा लागेल. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं 'पांच'वरचा अनुस्वार काढून टाकला. आजच्या बँकेला 'पाच' हवा, आणि आमच्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसांना 'पांच' लिहिल्यावांचून चैन पडत नाहीं. त्यांच्यासाठीं दुसरी चकती करावी. भांड्याला हात लावण्याचें कारण नाहीं.